दोन इंच कमी

रिंग मीच केली होती.
डोंगरवार सरांनी सांगितलं होतं, अठरा इंच.
माझ्या टेपचे पहिले दोन इंच तुटलेले,
ते विसरलो, अठराच्या आकड्यावर खूण केली,
सळई वाकवली, टाका मारला.
शाळेमागं, विजेच्या जुन्या खांबावर चढली ती.
कुणी मोजली नाही.

पलीकडं वैनगंगेच्या काठाला भट्टी.
दिवाळी झाली की छत्तीसगडातून ट्रक यायचे:
डेगची, कोंबड्या, गुंडाळलेल्या चटया, पोरं.
रोहिण्या लागायच्या आत परत.
त्यातलीच ही. नाव बिसाहिन.
मी म्हटलं, हे कसलं नाव वं?
तिची माय रामबती गारा तुडवत होती,
पाय न थांबवता म्हणाली,
आधीची दोन जगली नाहीत.
म्हणून हिला सुईणीला विकली, सूपभर कोंड्यात,
आणि पाच रुपये देऊन परत घेतली.
बिसाहिन म्हणजे विकत घेतलेली.
दुसऱ्याच्या मालाला यम हात लावत नाही म्हणे.

सरांनी तिला ट्रक भरताना पाहिलं.
खालून बाप दोन-दोन विटा फेकायचा,
वर ही. झेलायची, वळायची, रचायची,
बापाकडं बघायचीसुद्धा नाही.
बारा वर्षांची, बापाहून वीतभर उंच.
सरांनी चेंडू दिला.
तिनं हातात फिरवून फिरवून पाहिला.
"याले तं कोपरेच नाही," म्हणाली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं,
ठिणग्या उडत असताना कुणी सांगावं तसं.
तालुका. भंडारा. मग नागपूरचं वसतिगृह,
जिथं ज्येष्ठ आला की ती उगीच पेटी भरून बसायची
आणि वॉर्डनबाई पुन्हा रिकामी करायला लावायची.
बिलासपूरला रेल्वेची नोकरी.
आणि एक दिवस दक्षिणेतल्या एका संघाचं कंत्राट,
सतरा पानी, दोन हंगामांचं.
सरांनी ते भट्टीवर वाचून दाखवलं.
मंगलू कच्च्या विटांच्या थप्पीला टेकून ऐकत होता.
सगळं झाल्यावर एवढंच विचारलं त्यानं:
उचल किती?
आणि पोरगी मधेच पडली, तर ती कोण फेडणार?
सर हसले.
मग गप्प झाले, पानं उलटू लागले.
होतं ते. सोळाव्या पानावर, बारीक अक्षरात.

दुसऱ्या हंगामात गुडघा गेला.
त्याबद्दल तिनं मला काही सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

परवा दुकानात आली.
दार बुटकं, तिला सवयीनंच वाकता आलं.
टेबलावर टेप आपटला, तिचा स्वतःचा.
"काका, सोळा इंच भरली तुमची रिंग."
मला तो तुटका टेप आठवला, सोळा वर्षांनी.
मी म्हटलं, मग तर तुझा नेम त्यानंच पक्का झाला असेल.
मान हलवली तिनं.
"नागपुरात सहा महिने मोठ्या रिंगवर भरवसाच बसेना.
वाटे, एवढं सोपं कसं असंन?
यात कायतरी गोम आहे.
चेंडू हातातच धरून उभी राहत होती."
थोडं थांबून म्हणाली,
"नवी करा. पोट्टे उन्हात उगंच हरून राहिले."

केली. अठरा.
तिनं तीनदा मोजली, आडवी, उभी, तिरपी.
मजुरी देऊ लागली, मी घेतली नाही.
तेव्हा कोपऱ्यात पडलेली जुनी रिंग उचलली,
गंज अंगठ्यानं पुसला
आणि ऐरणीवर पाच रुपयांचं नाणं ठेवलं.
मी म्हटलं, भंगार आहे, ने तशीच.
"तशी नाही नेत," म्हणाली.
रिंग खांद्यात अडकवली,
डावा पाय जरा मागं ठेवत
भट्टीच्या वाटेला लागली.
तिकडं ट्रक नुकता येऊन उभा होता,
पोरं अजून उतरत होती.